नीराबाईची सोबत

पेण,
६ नोव्हेंबर २०२५

प्रिय दिशा,

तू फोन उचलत नाहीस, मेसेजलाही उत्तर देत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. अलिबागला वसतिगृहात असताना आपलं वाजलं की आपण एकमेकींच्या उशीखाली चिठ्ठी सरकवून ठेवायचो. हे तसंच समज. फरक इतकाच की तेव्हा भांडण इस्त्रीवरून असायचं.

तुझी आई, माझी नीरामावशी, दवाखान्यातून घरी आली हे आपल्या ड्रायव्हर प्रज्योतकडून कळलं आणि जिवात जीव आला. गाडी चालवणं सोडून बाकी सगळं त्याला जमतं असं तू म्हणायचीस, पण त्या रात्री तो नसता तर काय झालं असतं? बाहेरच्या तंबूतून उठून त्यानेच तिघींना दवाखान्यात पोचवलं. पुण्याच्या दोघी पाहुण्याही सुधारल्या आहेत. मी जाऊन भेटून आले. धाकटीला अजून चक्कर येते, पण जाईल म्हणाले डॉक्टर.

झालं काय ते तुला माझ्याकडून कळायला हवं. त्या दिवशी दिवेआगरला सकाळपासून आभाळ होतं. आपल्या मोटरहोमच्या टपावरची सोलर पॅनेल नुसती शोभेला उरली आणि संध्याकाळीच बॅटरी उतरली. उकाडा तर असा की विचारू नकोस. पाहुण्या एसीशिवाय झोपायला तयार नव्हत्या, परत जायची भाषा करायला लागल्या. मी इथे पेणला. प्रज्योतचा फोन आला तेव्हा मी त्याला म्हटलं, आमच्या परेशदादाचा छोटा जनरेटर मागच्या कप्प्यात ठेवलाय, तो लाव. पहिल्यांदाच, दिशा. झोपलेल्या माणसांजवळ इंजिन चालवायचं नाही हे आपण ठरवलेलं मला पाठ आहे. पण एका रात्रीचा प्रश्न होता. जनरेटरचा धूर आत भरला. त्यातल्या विषारी वायूला ना वास ना रंग, माणूस झोपेतच जातो. मावशी सोबतीला आत होती म्हणून तिघी वाचल्या, हे मी भेटेल त्याला सांगते.

आता अवघड गोष्ट. गॅरेजवाल्याने गाडी खालून बघितली. मागच्या कप्प्याच्या तळाला हवेसाठी भोकं होती ती सगळी बुजवलेली निघाली. कापूस ठोकून वर राळ ओतलेली. असं काम कुणाच्या हातचं ते तुला सांगायला नको. चाकांकडून पाणी आणि वाळू आत येते म्हणून सप्टेंबरात मी गाडी तुझ्या बाबांकडे, अनंताकाकांकडे दिली होती. त्यांनी होडी समजून सगळंच बंद करून टाकलं. जन्मभर होड्यांचे तळ बुजवले, भोक दिसलं की हात शिवशिवणारच, त्यात त्यांचा काय दोष? पण पाहुण्यांच्या घरच्यांनी तक्रार केली आणि पोलिसांत जबाब देताना मला हे सांगावं लागलं. ‘न कळून झालं’ असंच मी सांगितलंय. काकांना तू जरा सांभाळून सांग.

मावशीला नमस्कार. ती मला लेक म्हणते. लेकीला एवढं माफ करायला सांग की त्या रात्री मी तिथे नव्हते.

तुझी,
हेमाली


आगरदांडा,
१४ नोव्हेंबर

हेमाली,

सांभाळून सांगायला तू वेळ कुठे ठेवलास? तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच हवालदार आला. बाबा किनाऱ्यावर चांगदेवकाकांची होडी कलती करून तिच्या सांध्यांत कापूस ठोकत बसले होते. जेट्टीवरून दिघीची फेरी सुटायची वेळ, म्हणजे सगळं गाव तिथे. सगळ्यांदेखत त्याने विचारलं, "त्या गाडीची भोकं कोणी बंद केली?" बाबा म्हणाले, "मीच केली." हातोडा आणि पटाशी धोतराला पुसून पेटीत ठेवली, पेटी माळ्यावर टाकली आणि अर्धी होडी तशीच सोडून घरी आले.

त्या दिवसापासून त्यांनी हत्यार हातात धरलेलं नाही. चांगदेवकाका आमच्या जमातीचे पाटील, बाबांचे लहानपणचे मित्र. त्यांनी मुरूडहून दुसरा माणूस बोलावून होडी पुरी करून घेतली. कोणी तोंडावर काही बोलत नाही, फक्त बोलवायचं बंद झालंय. ज्याने स्वतःच्या बायकोलाच कोंडलं त्याच्या हातचा तळ घेऊन समुद्रात कोण जाईल, असं बायका विहिरीवर म्हणतात. बाबांनीही ते ऐकलंय. पोलिसांनी पुढच्या महिन्यात परत बोलावलंय आणि तेव्हा गुन्हा त्यांच्यावर नोंदणार असं दिसतंय. रात्री जेवताना मला म्हणाले, "माज्या हातानं तीन मानसं गेली आसती पोरी. तुजी आय त्यात होती."

तुझ्यावर मी इतके दिवस चिडून होते ते जनरेटरसाठी. आता चिडायला तोंड राहिलं नाही. चूक आमच्या घरातून झाली. पाहुण्या आपल्या भरवशावर झोपल्या होत्या, तुझी गाडी गेली, नाव गेलं. बाबांच्या वतीने मी तुझी माफी मागते. मला हे लिहायला जड जातंय, तरी लिहिते.

आईची हकीकत तुला माहीत नसेल. तिला डोक्यात घण पडल्यासारखं झालं आणि जाग आली. मुळात ती गाढ झोपलीच नव्हती. तुला ठाऊक आहे, आमच्याकडे सोबतीला गेलेली बाई दाराशी झोपते, आपली गोधडी आपण नेते आणि झोपेतही एक कान उघडा ठेवते. घरातला पुरुष होडीवर गेला की शेजारची बाई न सांगता येऊन दाराशी पडते. वैर असलं तरी सोबतीला नाही म्हणत नाहीत. म्हणून तर तुझी ती कल्पना मला आवडली होती, की शहरातल्या बायका गाडी घेऊन किनाऱ्यावर राहतील आणि आमची एक म्हातारी त्यांच्या दाराशी असेल. तर आई उठली, पाय चालेनात. उशाचा टॉर्च लावला, त्या उजेडात कडी सापडली, दार ढकललं आणि ती बाहेरच पडली. मग ओरडली.

आपण किती गोष्टी ठरवल्या होत्या. नारळाखाली गाडी लावायची नाही, भरतीच्या रेघेच्या वर राहायचं, दार आतून एका हाताने उघडलं पाहिजे, पंखा आणि दिवे यापलीकडे रात्री बॅटरीवर भार नाही. आणि विषारी वायू साठलाच तर ओरडायला बिछान्याच्या वर तो पांढरा अलार्म. तो का वाजला नाही गं?

अजून एक. बाबा म्हणतात, ज्यांना खडूची खूण होती तेवढीच भोकं बुजवली. खडूने खुणा कोणी केल्या होत्या? मी वाद घालत नाही, फक्त विचारते.

दिशा


पेण,
२० नोव्हेंबर

प्रिय दिशा,

माफी काय मागतेस, वेडी आहेस का? तुझं पत्र वाचून मी रडले. आमच्या घरात ट्रक आणि डंपर यांच्यापलीकडे विषय नसतो, त्यात तुझं पत्र सगळ्यांनी ऐकलं.

खडूच्या खुणा मीच केल्या होत्या, पण चाकांच्या आसपास. कप्प्याखाली मी हात लावला नव्हता. काका आता वयस्कर झाले, खाली झोपून काम करताना कुठली खूण कुठे हे राहिलं नसेल ध्यानात. त्यांना उगाच त्यावरून खोदून विचारू नकोस, त्रास होईल. माझ्या ओळखीचा एक वकील आहे. तो म्हणतो, म्हाताऱ्या माणसाने सरळ मान्य केलं की न कळून झालं, तर प्रकरण लवकर मिटतं. फाटे फुटले तर सगळेच अडकू. तू त्यांना समजावशील ना?

अलार्मचं म्हणशील तर तो बिघडलेला असणार. नंतर गाडीत सापडलाही नाही, कुठे गळून पडला देव जाणे. आजकाल कशाचा भरवसा राहिलाय?

मावशीचं सामान प्रज्योतबरोबर पाठवते आहे. गोधडी, पानाचा डबा, लुगडं, सगळं जसंच्या तसं बोचक्यात बांधलेलं होतं, आम्ही सोडलंही नाही. डब्यावर मी पेणचे पोह्याचे पापड ठेवलेत, ते तिला आवडतात.

आणि रागावू नकोस, पण विचारून ठेवते. नाताळापर्यंत दुसरी गाडी तयार होते आहे, मोठी. जेट्टीमागची तुमची जागा पहिल्या रात्रीसाठी राहील ना? आणि मावशी येईल ना? पाहुण्या बायका फोनवर पहिला प्रश्न तोच विचारतात, सोबतीला त्या कोळीण मावशी असतात का. मी एकटीने हे ओढू शकत नाही दिशा.

तुझी,
हेमाली


आगरदांडा,
२८ नोव्हेंबर

हेमाली,

बोचकं पोचलं. पापड मी शेजारी दिले.

परवा आईने गोधडी उन्हात टाकायला झटकली, तर घडीतून तो पांढरा अलार्म अंगणात पडला. गळून पडलेला, देव जाणे कुठे गेलेला, तोच. आई म्हणाली, "अगो, हा हेमालीचा मच्छरांचा डबा. माज्याकडंच ऱ्हायला." मी उचलून पाठीमागचं झाकण उघडलं. आत सेल नव्हते.

मग मी आईला पाटावर बसवलं आणि सगळं विचारून घेतलं. दिवेआगरच्या आधीच्या फेरीत काशीदला संध्याकाळी पाहुण्या समुद्रावर गेल्या होत्या. तू गाडीत होतीस, एसी चालू होता. हे पांढरं भांडं किंचाळायला लागलं. तू बाकावर चढून ते काढलंस, तरी थांबेना, म्हणून सेल काढलेस. आईचा टॉर्च मिणमिणत होता. तू म्हणालीस, "मावशी, हे घाल तुझ्या टॉर्चमध्ये, नवेच आहेत." आणि म्हणालीस, "दिशाला सांगू नकोस हं, ती उगाच बोलेल. मी दुसरा आणते." आईला काय, लेकीने नवे सेल दिले म्हणून ती खूश. भांडं फुटू नये म्हणून तिने गोधडीच्या घडीत ठेवलं. तेच घेऊन ती दिवेआगरला गेली. ओरडणारं यंत्र तिच्या उशाशी होतं, आणि मुकं होतं.

मी टॉर्चमधले सेल काढून तेवढ्यापुरते अलार्ममध्ये घातले. आई चुलीत नारळाची सोडणं पेटवत होती, ओली होती, नुसती धुमसत होती. मी दार आणि खिडकी लावली. थोड्या वेळात ते जे किंचाळलं! कोंबड्या वाडीत पळाल्या. बाबा मागच्या पडवीतून धावत आले. यंत्र चांगलं ठणठणीत आहे हेमाली. बिघडलेलं दुसरंच काही आहे.

आणि एक सांग. काशीदला आभाळ नव्हतं, म्हणजे बॅटरी उतरल्याचं निमित्तही नव्हतं, तरी एसी चालू असताना अलार्म ओरडला. जनरेटर त्या रात्री "पहिल्यांदाच" लावलास ना? अलार्म हवेला घाबरून ओरडत नाही. म्हणजे धूर आत येतो हे तुला काशीदलाच कळलं होतं. कळलं होतं आणि तू त्याचं तोंड बंद केलंस, माझ्या आईला दाराशी झोपवलंस आणि स्वतः पेणला गेलीस. मागच्या कप्प्याची चावी हरवली असं मला सांगत होतीस, मी गावभर तिचा शोध घेत होते. तू हसत असशील मनात.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो माहीत आहे? मी तुझी माफी मागितली याचा. ती वाचून तू रडलीस म्हणे.

जे सेल तू काढलेस त्यांच्याच उजेडात आईला कडी सापडली. हे मी आईला सांगितलं नाही. तिला कळायचं ते कळलं. तेव्हापासून तिने तुझं नाव घेतलेलं नाही.

बाबांना मी अलार्म कशासाठी असतो ते समजावलं. त्यांनी ते हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाले, "तिला एकच इचार. भोकं बुजवाया सांगितली तवा तिथं मशीन बसवायचं तिच्या मनात व्हतं का न्हाय? बाकी मला काय नको."

याचं उत्तर दे. कागदावर दे, फोनवर तू फार गोड बोलतेस. आणि जे लिहिशील ते पुढच्या पौर्णिमेला आमची जमात बसते तिथे येऊन सांग, आणि पोलिसांनाही सांग. बाबा तुझ्या शब्दावर गुन्हेगार ठरलेत, तुझ्याच शब्दावर सुटतील.

दिशा


पेण,
२ डिसेंबर

दिशा,

तू मला आधीच दोषी ठरवून मोकळी झालीस, तर आता काय लिहू? तुला घरबसल्या नियम करायला काय जातं? पंखा आणि दिवे. पाहुण्यांच्या तोंडाला तोंड मीच देत होते. ऑक्टोबरच्या उकाड्यात एक कुटुंब रात्रीतच गाडी सोडून निघून गेलं, ते तुला मी सांगितलंही नाही. पॅनेल आणि बॅटरीवर एसी रात्रभर चालत नाही हे दिसत होतं, आणि तू ऐकणार नव्हतीस. काशीदला मी स्वतः त्या गाडीत झोपले. खिडक्या किलकिल्या होत्या, मला काही झालं नाही. मला खरंच वाटलं की अलार्म उगाच ओरडतो, जरा जास्तच हळवा आहे. दुसरा आणायचा होता. दिवाळीच्या गडबडीत राहिला. दिवेआगरला डास आहेत म्हणून त्या खिडक्या बंद करतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

हे सगळं लिहून मी वाचून बघितलं. सगळं खरं आहे आणि काकांनी विचारलं ते यात नाही.

होय. मशीन बसवायचं ठरलं होतं. दादाच्या गॅरेजमध्ये मोजमापही झालं होतं. कप्प्याखालच्या खुणाही माझ्याच. काकांनी गाडीखाली झोपूनच मला विचारलं होतं, "पोरी, ही हवेची भोकं तं न्हायत?" मी म्हटलं, नाही काका, कारखान्यात पाडून तशीच राहिलेली आहेत. त्यांनी परत विचारलं, मी परत तेच सांगितलं.

ती बंद करून घेतली ती आवाजासाठी. पहिली रात्र गाडी नेहमी तुमच्या घरामागे असते, आणि तुझा कान तिखट. उघड्या तळातून मशीनचा आवाज खाली येतो. तू ऐकलं असतंस तर गाडी तिथेच थांबवली असतीस. पाइपने धूर बाहेर जाईल, भोकं नसली तरी चालेल, असं मला वाटलं. पाइपचा सांधा सुटेल असं वाटलं नव्हतं.

म्हणजे तुझ्यापासून लपवायला मी ते काम तुझ्याच बाबांकडून करून घेतलं. आता लिहिलं तेव्हा मला ते असं दिसलं. आधी नव्हतं दिसलं, यावर विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस.

मी येईन. पण दिशा, नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत थांबता येणार नाही का? आत्ता हे बाहेर पडलं तर दादा मला घरात बसवेल. तेवढंच मागते. मावशीला मी फोन केला होता, तिने उचलून ठेवून दिला.

हेमाली


आगरदांडा,
१६ डिसेंबर

हेमाली,

तू थांबायची मुभा मागितलीस तेव्हा मी उत्तर पाठवलं नाही. तरी पौर्णिमेला तू आलीस. आमच्या घराला लागून असलेल्या चांगदेवकाकांच्या अंगणात सगळ्यांसमोर उभी राहिलीस आणि कप्प्यापासून अलार्मपर्यंत सगळं सांगितलंस. काही गाळलं नाहीस हे मी कबूल करते. तिथून थेट ठाण्यावर जाऊन जबाब बदललास, तेही कळलं. बाबांना आता साक्षीला बोलावतील, आरोपी म्हणून नाही. तुझ्यावर काय होईल ते मला माहीत नाही आणि परेशदादा तुला काय म्हणाला असेल याची कल्पना आहे. मला वाईट वाटत नाही असं नाही. पण ते वाईट वाटणं माझं मला पुरतं.

तू गेल्यावर मी बाबांना विचारलं, तिला तुम्ही आधीच विचारलं होतं हे पोलिसांना का नाही सांगितलंत, मला का नाही? ते म्हणाले, "हेमाली खोटं बोलंल आसं मनात आलंच न्हाय. मला वाटलं माजाच कान गेला, ती ‘व्हय’ म्हनली आसंल आन मीच ‘न्हाय’ आयकलं." इतके दिवस माणूस स्वतःचे कान तपासत होता, तुझा शब्द नाही. हे तुला कळावं म्हणून लिहिते.

चांगदेवकाका दुसऱ्या दिवशी सकाळी आले. माफी वगैरे कोणी मागितली नाही, आमच्यात तशी पद्धत नाही. नुसते म्हणाले, "अनंता, त्या मुरूडवाल्यानं केलेली होडी पाणी घेतेय रे." बाबांनी माळ्यावरून पेटी काढायला मला सांगितली. पटाशीवर गंज आला होता, तो घासायला त्यांनी दुपार घालवली. आता ते किनाऱ्यावरच आहेत. परवा एक जण टेम्पोचा तळ बंद करायला घेऊन आला, तर बाबांनी प्रत्येक भोकाला बोट लावून, हे कशाचं, हे कशाचं, असं त्याला विचारलं. तो कंटाळून गेला.

निघताना तू मला हळूच विचारलंस, मावशी बाहेर का नाही आली. ती घरातच होती. दाराच्या आत उभी होती, तुझं बोलणं सगळं ऐकत होती. तू रडलीस तेव्हा तिने पदराने तोंड दाबून धरलं होतं. तरी आली नाही. नंतर तिने चूल पेटवली, भात टाकला, तुझा वाढायचा पाट भिंतीला उभा होता तो उचलून आत ठेवला. मग मला म्हणाली, टॉर्च आण.

या पत्राबरोबर पुडीत दोन सेल आहेत. ते तुझे. आईने स्वतःच्या हाताने काढले आणि म्हणाली, "तिचं तिला दे. आन सांग, सोबतीला कोन लागलं तं दुसरं घर बघ."

आमच्या घराने आजवर कोणाला सोबतीला नाही म्हटलेलं नाही. टॉर्चमध्ये मी नवे सेल घातलेत.

दिशा